आपोलेनाची हनुवटी

प्रागमधल्या त्या जुन्या इमारतीच्या दारावर एका बाईचं मस्तक होतं. केसांत खसखशीची फुलं, नाक सरळ, आणि हनुवटी अशी की वर बघणाऱ्यानं आपोआप पाठ ताठ करावी. ही म्हणे घराण्याची मूळ मालकीण आपोलेना. नवऱ्यानं घर बांधलं तेव्हा कौतुकानं तिचाच चेहरा दारावर बसवला. लिबुशे सून म्हणून आली त्या दिवसापासून ही बाई तिच्या मानगुटीवर बसली होती. क्नेडलीकचे पिठाचे गोळे उकडताना फुटले, की सासूबाई रुझेना आपोलेनाचं नाव काढून सुस्कारा सोडायच्या. मुलगा नापास झाला तर तो लिबुशेच्या माहेरावर गेलेला, पास झाला तर आपोलेनावर. नवरा बोहुमिल अशा वेळी पेपरात तोंड खुपसून बसायचा.

यंदा दर्शनी भागाची डागडुजी निघाली. परांचीवर मस्तक धुणाऱ्या राद्का नावाच्या कारागीर बाईला लिबुशेनं कॉफी नेऊन दिली आणि सवयीनं खानदानाची कथाही ऐकवली. राद्का हसली. म्हणाली, हे तर साच्यातलं प्लॅस्टर. त्या काळी लोक कारखान्यात जाऊन चेहरा पसंत करायचे. हीच बाई मागच्या गल्लीत खाटकाच्या दुकानावर आहे, आणि नदीपलीकडे एकाच घरावर चार आहेत.

लिबुशे तडक मागच्या गल्लीत गेली. तीच फुलं, तीच हनुवटी. तिला इतका आनंद झाला की गरज नसताना तिनं खाटकाकडून सॉसेज घेतली. इतकी वर्षं ऐकून घेतलेलं सगळं आज व्याजासकट परत करायचं होतं.

रुझेनाबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. लिबुशेनं सगळं सांगितलं, नदीपलीकडच्या चौघींसकट. सासूबाईंची सुरी थांबली नाही.

"खाटकाकडची ना? मी लग्नाच्या वर्षीच पाहिली. तू रस्त्यानं मान खाली घालून चालतेस, तुला कुठून दिसणार."

"मग आई, मला का छळलंत?"

"मला माझ्या सासूनं हिच्याच नावानं छळलं. एवढं सोसल्यावर मी हिला फुकट सोडून देणार होते?" सासूबाईंनी बटाटा पातेल्यात टाकला. "रविवारी तुझी होणारी सून जेवायला येतेय. दारात विचारेलच, ही कोण म्हणून. सांगून टाक तिला, प्लॅस्टर आहे."

लिबुशेनं 'सांगेन' म्हणायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तरीही तो फुटेना.