बातम्यांच्या बाई निवडणुकीला उभ्या राहतात

"…तुमच्या एका मताने हे सगळं बदलू शकतं. आता वळू या हवामानाकडे."

मैदानात पुढच्या सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता अख्खी सभा हसायला लागली. व्यासपीठावर पक्षाच्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. बाईंनी जीभ चावली. पण इतकी वर्षं रोज संध्याकाळी टीव्हीवर बातम्या वाचल्यावर जीभ तरी काय करणार? ती आपल्या सवयीच्या वाटेने गेली.

"सांगा की मग हवामान!" मागून एक आजोबा ओरडले.

बाईंनी वर पाहिलं. "आज आभाळ निरभ्र आहे. पण पाऊस झालाच, तर ओढ्यापलीकडची पोरं उद्या शाळेत पोचायची नाहीत. एवढं मी कागद न बघता सांगू शकते."

हसू ओसरलं. टाळ्या पडल्या त्या मात्र खऱ्या होत्या.

गार खोलीतली, नाव मिळवून देणारी नोकरी सोडून बाई राजकारणात शिरल्या, तेव्हा सगळ्यात जास्त आदळआपट केली ती नणंदेने. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरच्या सगळ्या कारभारावर त्यांचाच शिक्का असे. "वहिनी, विकतचं दुखणं घेताय," त्या म्हणाल्या. "कारण तरी कळू दे."

भाजी निवडता निवडता बाईंनी सांगितलं. ओढ्यावरचा लाकडी पूल दर पुरात वाहून जाई आणि दर वर्षी बाई त्याची बातमी देत. शेवटच्या वर्षी कॅमेरामन सामान गाडीत भरत होता, तेवढ्यात संपादक म्हणाले, "जाताय कशाला? गेल्या वर्षीचंच दाखवा. काय फरक पडतो?" आणि खरंच फरक नव्हता. तेच तुटके खांब, तीच डोक्यावर दप्तरं धरून पाण्यातून येणारी पोरं. बातमी गेली. एकाही प्रेक्षकाचा फोन आला नाही.

"पोरं तरी वर्षभराने मोठी दिसायला हवी होती, वन्सं," बाई म्हणाल्या. "तीसुद्धा झाली नाहीत."

नणंदेने हातातल्या शेंगा परातीत टाकल्या. मग उठल्या आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. "चला. कुठल्या गल्लीपासून सुरुवात करायची?"

प्रचार म्हणजे रोज नवी करमणूक होती. "टीव्हीत उजळ दिसता हो तुम्ही!" असं कुणी तोंडावर म्हटलं, की बाई म्हणत, "ती पावडर. ती ऑफिसातच राहिली." ओढ्यापलीकडे इस्त्रीच्या दुकानात मात्र गाडी अडली. इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली आणि सरळ विचारलं, "निवडून आलात तर पूल बांधाल?"

पक्षाच्या कार्यकर्त्याने हळूच कोपर मारलं. हो म्हणा, हो म्हणा.

"बांधीन असं कसं म्हणू? तिजोरीची किल्ली माझ्याकडे नसणार," बाई म्हणाल्या. "पण विचारत राहीन. ती सवय आहे मला."

"आणि उत्तर नाही दिलं तर?"

"देतील!" नणंद मध्येच म्हणाल्या. "या एकदा विचारायला लागल्या ना, की समोरच्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आमच्या दादाला विचारा."

मागे पत्रकांचा गठ्ठा धरून उभ्या असलेल्या दादांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, गंभीरपणे मान हलवली. इस्त्रीवाली खळखळून हसली.

बाई निवडून आल्या, पण अगदी काठावर. विधानसभेत पहिल्याच अधिवेशनात त्यांनी पुलाचं विचारलं. "माहिती घेऊन सांगतो," मंत्री म्हणाले. पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलं. "बाई अजून स्टुडिओतच आहेत वाटतं!" मंत्री म्हणाले आणि सभागृह हसलं. बाईही मनापासून हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, त्याच स्वच्छ आवाजात विचारला. पुढे पुढे त्या नुसत्या उभ्या राहिल्या, तरी मंत्री कागद चाळू लागत. शेवटी त्यांनीच कंटाळून मंजुरी दिली.

पूल सिमेंटचा झाला, चांगला रुंद. उद्घाटनाला मंत्री आले. फीत कापली, भाषण झालं. बाईंची जुनी वाहिनीही आली होती, आणि तिचा तोच कॅमेरामन. धक्काबुक्कीत बाई कठड्यापर्यंत मागे सरकल्या होत्या.

गाड्यांचा ताफा गेल्यावर कॅमेरामन वायर गुंडाळत जवळ आला. चेहरा पडलेला.

"ताई, राग मानू नका. तुम्ही फ्रेममध्ये आलाच नाहीत. मागे पूल दिसतोय, पुढे मंत्रीच मंत्री."

"पूल नीट आलाय ना?"

"पूल झकास आलाय."

"मग झालं तर," म्हणत बाई पुलावर चालू लागल्या.

नणंद पुलाच्या मधोमध उभ्या राहून पाय आपटून मजबुती तपासत होत्या. तेवढ्यात पलीकडून इस्त्रीवाली आली. छातीशी कपड्यांचं भलंमोठं गाठोडं, त्याआडून तिला काही दिसत नव्हतं आणि ती घाईत होती.

"ओ बाई, वाटेत काय उभ्या? सरका जरा!"

बाई कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. गाठोडं त्यांच्या खांद्याला घासून पुढे गेलं. इस्त्रीच्या कपड्यांचा ऊबदार वास काही वेळ तिथेच रेंगाळला.