कमरेचं माप

जुळ्यांमध्ये मुलगी सात मिनिटांनी मोठी, आणि तेवढ्या जोरावर भावाकडून ताई म्हणवून घेणारी. पंधरावं लागलं आणि ही बडबडी पोर एकाएकी गप्प झाली. उशी ओली, ताट तसंच, तोंडी एकच पालुपद, "माझ्यातच खोट आहे." आई घरी शिवणकाम करायची, दारात गिऱ्हाइकांची ये-जा असायची, पण लोक काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती. महिन्याच्या आत तिने लेकीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि दर गुरुवारची वेळ ठरली. या वयात मुलींमध्ये हे जास्त दिसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने खूणगाठच बांधली: लेकीला जपायचं, लेकाची काळजी नाही.

लेक तर नुसती दांडगाई करत होता. दारं आपट, वर्गात मारामारी कर, घरी उलट उत्तरं दे. "एकीच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही, दुसऱ्याच्या नाकावरचा राग उतरत नाही," असं आई गिऱ्हाइकांना सांगायची. लेकीला मायेचा हात, लेकाला धपाटे.

लेकाची शाळेची पँट बेतताना तिने नेहमीचंच केलं. मागच्या वर्षीचं माप, वर एक इंच. घरच्या माणसाला कोण टेप लावत बसतं? तो पँट घालून उभा राहिला, तर ती कमरेवर ठरेना. वीस वर्षांत तिची कात्री अशी चुकली नव्हती. तिने टेप लावला. गेल्या वर्षीपेक्षा दोन इंच कमी.

"डबा खातोस ना रे?"

"पोरांना देतो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस." तो खेकसला नाही, याचीच तिला भीती वाटली.

डबा रोज रिकामा येतो म्हणून ती खूश होती! तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"मला सांगायचं नाही का राजा?"

"काय सांगू? ताई रडते, मग तुला कळतं. मला रडूच येत नाही, आई. नळ सोडून बाथरूममध्ये बसून बघितलं. नाही येत. मग काहीतरी आपटतो."

तिने त्याला जवळ ओढलं. वीतभर उंच झालेला तो पोरगा ताठच राहिला.

"गुरुवारी तूही चल डॉक्टरांकडे."

"नको." त्याने घसरणारी पँट वर ओढली. "मग ताईचा वेळ कमी होईल."

"तुझी वेगळी वेळ घेऊ," आई म्हणाली. "सगळी तुझ्या एकट्याची."