अन्विताची एकादशी

शाळेतून फोन आला तेव्हा हणमंतराव देवराज मार्केटजवळच्या आपल्या दुकानात ब्लाऊजला काजं करत होते. "तुमची नात अन्विता सकाळपासून डबा उघडत नाही. एकादशी आहे म्हणते," बाई म्हणाल्या. हणमंतरावांनी शटरसुद्धा ओढलं नाही. समोर आली ती रिक्षा पकडली.

दुसरं मूल असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. सहा वर्षांच्या पोरीनं वैकुंठ एकादशी धरली, म्हणजे शिंप्याच्या घराचं नाव काढणार! पण अन्विताचं शरीर जन्मापासून वेगळं. पोट रिकामं राहिलं की इतरांचं शरीर साठवलेली चरबी जाळून वेळ निभावतं. तिला ते जमत नाही. आईबापांकडून आलेली खोट. तान्ही असताना एकदा तापात दूध न पिता झोपली, ती सकाळी जागीच होईना. अशाच आजारांच्या मुलांना बघणाऱ्या डॉक्टर अदितींनी तिला परत आणलं आणि घरच्यांना बजावलं, "हिला औषध एकच, वेळेवर जेवण. उपास हिला विष आहे."

आणि घरात उपासाचे गोडवे गाणारे कोण? हेच. "एकादशी केली की पांडुरंग आपला," असं नातीला मांडीवर घेऊन सांगणारे हेच. रिक्षात बसल्या बसल्या हणमंतरावांना स्वतःच्या जिभेचा भयंकर राग आला.

अन्विता बाकावर डोकं टेकून बसली होती. चेहरा पार उतरलेला. त्यांनी अदितींना फोन लावला. "गोड काहीतरी पोटात जाऊ द्या आणि लगेच घेऊन या," त्या म्हणाल्या. हणमंतरावांनी तिच्या दप्तरात कायम असणारं ग्लुकोज पेल्यात कालवलं.

"बेड आज्जा, नको," ती कानडी-मराठीत पुटपुटली. "तू तर पाणीपण पीत नाहीस."

"मी मोठा आहे की गं, पुट्टी."

"मीपण मोठी."

समजावून झालं, रागावून झालं, सुईची भीती घालून झाली. पोरीनं ओठ घट्ट मिटले. खाण तशी माती, दुसरं काय!

मग त्यांनी पेला स्वतःच्याच तोंडाला लावला. कळत्या वयापासून एकही एकादशी न मोडलेला माणूस भर वर्गात घटाघटा अर्धा पेला प्यायला. वर तिच्या डब्यातल्या दहीभाताचा मोठा घास घेतला. गिळताना डोळे भरून आले, तरी त्यांनी दुसरा घेतला.

"मोडलीस?" अन्वितानं डोकं उचललं.

"मोडली. आता तू."

ती उरलेलं प्यायली.

दवाखान्यात अदितींनी रक्त तपासलं. साखर उतरायला लागली होती. लगेच सलाईन लावलं. संध्याकाळी पोरगी उठून बसली, इडली खायला लागली, तेवढ्यात विठ्ठल मंदिरातून भजनी मंडळाच्या व्यासराजांचा फोन आला. एकादशीच्या भजनात वीणा उपाशी माणसाच्याच गळ्यात घालायची रीत, आणि तो मान वडिलांमागून हणमंतरावांकडे आला होता. त्यांना त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

"निघालात काय? सगळे थांबलेत."

"माझी एकादशी मोडली, व्यासराज. दुसऱ्या कुणाला तरी वीणा द्या."

"असू दे हो, एक दिवस. पुढच्या एकादशीला धरा."

अन्विता घास तोंडात तसाच धरून ऐकत होती.

"नाही," हणमंतराव तिला नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्याही एकादशीला मी जेवणार. आणि त्याच्या पुढच्याही. अन्विताच्या पंक्तीला बसून."

ती चावायला लागली.