निनावी फीत

मित्रांनो, मी आवाज साठवणारा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खिशात मावणारा नव्हे. मला उचलायला दोन माणसे लागतात. माझ्या छातीवर दोन मोठ्या चकत्या फिरतात. एका चकतीवरची तपकिरी फीत दुसरीवर गुंडाळली जाते आणि जाता जाता माझ्या हेडला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या धातूच्या तुकड्याला घासून जाते. त्या घासण्यातून आवाज निघतो. मला एवढेच काम येते.

उत्तर इटलीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. निळे कोट घातलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. पहिली काही वर्षे मी बोलोन्याच्या एका खासगी रेडिओवर चपलांच्या जाहिराती वाजवल्या. तो रेडिओ बंद पडला तेव्हा लोरिस सेंप्रिनीने मला घेतले आणि मित्राच्या मासळीच्या टेम्पोत घालून समुद्रकाठी, बेल्लारियाला आणले. पुढे कितीतरी दिवस माझ्या अंगाला बांगड्यांचा वास येत होता.

लोरिस नाचघरात तबकड्या वाजवत असे. त्या काळी आईबाप पोरांना रात्री बाहेर सोडत नसत, म्हणून नाचघरे रविवारी दुपारी उघडत. सकाळी चर्च, मग जेवण, मग नाच. कोणते गाणे कधी लावायचे हे लोरिसला अचूक कळे. म्हणून इतर नाचघरांतले तबकडीवाले गर्दीत शिरून, माना वाकड्या करून त्याच्या तबकडीवरचे नाव वाचायला बघत. नाव कळले तर पुढच्या रविवारी तेच गाणे त्यांच्याकडेही वाजले असते. म्हणून लोरिस प्रत्येक नावावर पांढरा कागद चिकटवी. सगळेच चिकटवत.

"वाचा, वाचा!" तो वरून ओरडे. "चष्मा आणून देऊ का?"

पुढे तो स्वतःची गाणी करू लागला तेव्हा माझ्या फितींच्या डब्यांवरही त्याने तसेच पांढरे कागद चिकटवले. कोणता डबा कोणता, हे त्याच्या डोक्यात असे.

लोरिसची बायको निवेस. तिच्या माहेरचे समुद्रासमोर एक लहान हॉटेल होते. उन्हाळ्यात तिथे जर्मन पाहुणे येत आणि हिवाळ्यात ते बंद असे. त्याच्या तळघरात चादरींची खोली होती, तिथे मी राहिलो. हिवाळ्यात पलंगांवरच्या गाद्या खाली आणून भिंतींना उभ्या केल्या की बाहेरचा आवाज आत येत नसे. मे महिन्यात गाद्या परत वर जात आणि आमचे काम थांबे. लोक उन्हात, वाळूवर ज्या गाण्यांवर नाचले ती सगळी थंडीत, स्वेटर घालून केलेली होती.

एका जानेवारीत ठरलेली गायिका आली नाही. धुक्याने गाडी अडवली होती. निवेस कोपऱ्यात अभ्र्यांना इस्त्री करत होती.

"निवेस, तू गा," लोरिस म्हणाला. "नुसती जागा भरायला. मागाहून पुसून टाकू."

"शब्द कुठायत?"

"इंग्रजीसारखं काहीतरी म्हण."

"मला कुठे येतं इंग्रजी?"

"मला तरी कुठे येतं? आणि नाचणाऱ्यांना तरी कुठे येतं?"

निवेसने इस्त्री बंद केली आणि गायली. मित्रांनो, मी तोवर पुष्कळ आवाज ऐकले होते. हा आवाज फितीवर उतरताना मला काही करावे लागले नाही. लोरिसने तो पुसला नाही.

मिलानोहून तबकड्या काढणारा ग्वाल्तिएरो ते ऐकायला आला. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "कोण आहे ही?"

"माझी बायको. ही काय."

ग्वाल्तिएरोने निवेसकडे पाहिले. मुलीच्या, मिलेनाच्या वेळचा तिला सातवा महिना होता आणि अंगात एप्रन होता.

"आवाज सोनं आहे," तो म्हणाला. "पण बाई, टीव्हीवर आवाज दिसत नाही. पाय दिसतात."

"पाय मलाही आहेत," निवेस म्हणाली. "दोन आहेत. मोजून घ्या."

सगळे हसले. पण तबकडीच्या वेष्टनावर रिमिनीच्या एका उंच मुलीचा फोटो आला आणि तिचेच नाव आले. टीव्हीवर ती मुलगी नुसते ओठ हलवे. वरच्या स्वयंपाकघरातले बोलणे मला जिन्यातून ऐकू येई. निवेस सूपमध्ये सोडायची मांस भरलेली कणकेची पुडकी वळत होती आणि तिची आई टीव्ही बघत होती.

"अगं, ही पोरगी हुबेहूब तुझ्यासारखी गाते!"

"गाऊ दे, आई. तू मीठ बघ."

ते गाणे खूप चालले. त्यानंतरची कितीतरी चालली. मुली बदलल्या, फोटो बदलले, आवाज निवेसचाच राहिला. लोरिस जर्मनीला, स्पेनला जाऊ लागला. मासिकांत त्याचे फोटो येऊ लागले. परत आला की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "या म्हाताऱ्यावाचून माझं पान हलत नाही." मला अभिमान वाटे. निवेस तेव्हा चादरींच्या घड्या घालत असे.

मग एका हिवाळ्यात ती खाली आली आणि म्हणाली, "लोरिस, एक गाणं माझं. आपल्या बोलीत. वर माझं नाव घालून."

लोरिसला बरे वाटले असावे, कारण त्याने लगेच नवी फीत लावली. गाणे तिने स्वतः केले होते. एक बाई गच्चीवर चादरी वाळत घालते आहे, वारा सुटला आहे आणि ज्याची वाट बघायची तो माणूस अजून आलेला नाही, एवढेच त्यात होते. ती एकटीच गायली. खाली ढोल नव्हता, वाद्य नव्हते.

"वाद्यं नंतर चढवू," लोरिस म्हणाला. त्याने फीत डब्यात ठेवली आणि सवयीने वर पांढरा कागद चिकटवला.

"ह्यावर पण?" निवेसने विचारले.

"चोरतील ना कुणी."

"आता माझं काय राहिलंय चोरायला?"

तो हसला. त्याला दुसऱ्या दिवशी म्युनिकला जायचे होते.

वाद्ये चढली नाहीत. आधी उन्हाळा आला, मग दुसरी गाणी आली, मग कॉम्प्युटर आला आणि माझ्यावर जुना टेबलक्लॉथ पडला. सुरुवातीला निवेस विचारी, "माझ्या त्या गाण्याचं काय झालं?" पुढे तिने विचारणे सोडले. तळघरात समुद्राची ओल येई आणि डब्यांचे कोपरे फुगत. लोरिसची नाचघरे एकेक करून बंद पडली. एकाच्या जागी सुपरमार्केट झाले. लोरिस लग्नांत वाजवू लागला.

निवेस ज्या हिवाळ्यात पिवळी दिसू लागली, त्याच हिवाळ्याअखेर, इस्टरच्या आधी ती गेली.

लोरिस रोज खाली येऊन गादीवर बसे. दिवा लावत नसे. एके दिवशी त्यांची मुलगी मिलेना त्याच्यामागून आली.

"बाबा, आईला जाऊन महिना होईल त्या प्रार्थनेला तिचं ते गाणं चर्चमध्ये लावू या. मी कधी ऐकलेलंच नाही. तिनं मला नुसतं सांगितलं होतं."

तिने फळीवरचे पडदे सारले. सगळे डबे सारखे, सगळ्यांवर पांढरे कागद.

"ह्यातला कुठला?"

लोरिसने एक डबा काढला, उलटून पाहिला आणि परत ठेवला. "मला माहीत असायचं," तो म्हणाला.

मिलेनाने बोलोन्यातल्या फिती दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला फोन केला आणि त्याचे बोलणे बापाला सांगितले. त्या काळच्या फिती ओल पितात, त्यांचा लेप चिकट होतो. आधी हलक्या उबेवर हळूहळू सुकवायच्या, मगच वाजवायच्या. तशाच वाजवल्या तर लेप खरवडून निघतो आणि गाणेही त्याच्याबरोबर जाते.

"सोमवारी गाडी आणते. सगळे डबे नेऊ. तोवर हात लावू नका, बाबा. ऐकताय ना?"

"ऐकतोय गं."

रविवारी सकाळी चर्चच्या घंटा वाजत असताना लोरिसने माझ्यावरचा टेबलक्लॉथ काढला. "तिची कुठली तेवढं बघतो," तो मला म्हणाला. "नुसती सुरुवात. ती वेगळी काढून ठेवतो."

पहिल्या फितीवर ढोल होता. त्याने लगेच थांबवली. पुढचीवरही ढोल, ती थांबवली. त्यानंतरची सुरू झाली तेव्हा कुणीतरी खोकले आणि म्हणाले, "चालू झालं का?"

निवेस होती.

लोरिस उठून उभा राहिला. ती गाऊ लागली. माझ्या हेडला फीत चिकटत होती. मी किंचाळू लागलो आणि माझ्यावर तपकिरी पूड पडू लागली. ती किंचाळी लोरिसला ओळखता येत होती. तो या धंद्यातच म्हातारा झाला होता. त्याचे बोट माझ्या बटणावर आले. त्याने ते दाबले असते तर पुढचे गाणे वाचले असते. मला स्वतःहून थांबता येत नाही, मित्रांनो. मी बोटाची वाट पाहत होतो.

"एवढी ओळ," तो म्हणाला. "एवढी ओळ होऊ दे."

ओळ झाली. पुढची सुरू झाली. बोट बटणावर होते आणि दाबत नव्हते. निवेसचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा झाला, मग आणखी लांब गेला, मग नुसते घासणे उरले. रिकामी चकती गरगरत राहिली तरी तो उभाच होता.

सोमवारी मिलेना आली. तिने फीत उजेडात धरली. फितीतून खिडकी दिसत होती.

"बाबा, काय केलंत हे?"

"ऐकली."

"मी नाही ऐकली!" ती ओरडली. "मी नाही ना ऐकली!"

ती खाली बसून रडली आणि तो तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तो तिने ठेवू दिला नाही. बाकीचे डबे बोलोन्याला गेले. तिथे सुकवून ते सगळे नीट वाजले: सगळे ढोल, सगळी खोटी इंग्रजी गाणी, सगळ्या उंच मुली. महिन्याच्या प्रार्थनेला चर्चमध्ये पाद्रीबाबांनी निवेसचे नाव वाचले आणि नेहमीचा बाजा वाजला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज साठवलेला असेल तर तो कोरड्या जागी ठेवा. कुणी गात असेल तर हातातले काम ठेवून ऐका. वाद्ये नंतर चढवू, असे म्हणू नका. एवढे करूनही फीत झिजतेच, ते मी जाणतो. पण त्या माणसाच्या डोळ्यांदेखत डब्यावर त्याचे नाव लिहा, म्हणजे शोधता शोधता त्याचा आवाज संपून जाणार नाही.