बेटावर राहिलेली बहीण

शकूने पुस्तक उलटे धरून हलवले. सुटी पाने असती तर खाली पडली असती. काहीच पडले नाही. मग तिने दोनशे दहाव्या पानापासून एकेक पान बोटाने वेगळे करत आकडे तपासले. दोनशे अकरा, बारा, तेरा. एकही पान गळालेले नव्हते.

रविवारची दुपार होती. सुरतेतल्या कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे गल्ली गप्प होती आणि खोलीतल्या पंख्याची खडखड नेहमीपेक्षा मोठी वाटत होती.

‘स्फटिकगडची राणी’ तिला गुरुवारी भागळजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाली होती. सतरा वर्षांपूर्वी, उधन्याच्या रेल्वे चाळीत राहत असताना, तिने ही कादंबरी तीनदा वाचली होती आणि एकदा धाकट्या सीताला वाचून दाखवली होती. एका नावाड्याची मुलगी शिलावती राणी कशी होते, त्याची गोष्ट. स्फटिकगडाची दारे उघडायची तर प्रत्येक दाराला काहीतरी द्यावे लागे. पहिल्या दाराला शिलावतीने आपले हसू दिले. दुसऱ्यासाठी म्हाताऱ्या राजाला विष पाजले. तिसऱ्यासाठी सख्ख्या बहिणीला काळ्या नदीतल्या बेटावर सोडले आणि ती एकटीच नावेत बसली.

अठरा वर्षांच्या शकूला ती जीव तोडून आवडली होती. चाळीतल्या कुठल्याही बाईला स्वतःसाठी काही हवे आहे असे शकूने कधी ऐकले नव्हते. शिलावतीला सगळे हवे होते आणि ती तसे बोलून दाखवत असे.

आता पस्तिसाव्या वर्षी, महानगरपालिकेच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका झाल्यावर, ती थोडेसे हसून घ्यावे म्हणूनच पुस्तक उघडून बसली होती. पण विषाच्या प्याल्यापाशी आली आणि राजाने तो पटकन प्यावा म्हणून तिचाच श्वास अडकला. आपण अजून हिच्याच बाजूने आहोत, हे कळल्यावर तिने चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला.

फक्त एक प्रसंग सापडत नव्हता. राणी झाल्यावर शिलावती मुकुट उतरवून ठेवते, स्वतः नाव वल्हवत बेटावर जाते. बहीण तिथेच बसलेली असते. “उशीर झाला गं,” शिलावती म्हणते, आणि तिला हात देऊन नावेत घेते. शकूला ते शब्दनशब्द आठवत होते. इथे मात्र शिलावती सिंहासनावर बसली आणि पुस्तक संपले. बेटानंतर बहिणीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तिने चप्पल घातली, पुस्तक पिशवीत टाकले आणि सीताकडे जायला उधन्याची बस पकडली.

सीताला ती कादंबरी वाचून दाखवली तो उन्हाळा सत्तावन्न सालचा. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. बारा वर्षांची सीता टायफॉइडमधून उठत होती आणि शकू तिच्या उशाशी बसून वाचत होती. महिन्याभराने शकू शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी धुळ्याला गेली. “वर्षभरात तुला घेऊन जाते. तिकडे शाळेत घालते,” असे तिने सीताला सांगितले होते. ते वर्ष आलेच नाही. रेल्वेच्या यार्डात वडिलांचा, रामजींचा, पाय गेला. सीताची शाळा पाचवीत सुटली. शकूला धुळ्यात नोकरी लागली, मग नाशकात. वडील वारले तेव्हा ती दोन दिवस येऊन गेली. गेल्या वर्षी सुरतची जागा निघाली तेव्हा तिने कुणालाही न सांगता अर्ज केला. येऊन दहा महिने झाले होते आणि या दहा महिन्यांत ती सीताकडे तीनदा गेली होती, त्यातली एक आंबेडकर जयंती.

इतकी वर्षे एक चित्र तिच्याबरोबर होते. चाळीच्या पायरीवर बसलेली बारा वर्षांची सीता, नजर स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. धुळ्याच्या वसतिगृहात, नाशिकच्या भाड्याच्या खोलीत, शकू दिवा मालवायची तेव्हा ते समोर यायचे. दोन स्थळे तिने त्या चित्राकडे बघून नाकारली होती. कारण मात्र कुणाला सांगितले नव्हते.

“मम्मी, मासी आव्यां!” मावशी आल्याचे पाहून सीताची मुलगी दारातूनच गुजरातीत ओरडली.

सीता जमिनीवर बसून रिळावर जरीची तार गुंडाळत होती. तिचा नवरा नागनाथ ड्युटीवर गेला होता.

“आक्का? अगं, कळवायचं तरी.”

“अशीच आले.” शकूने उभ्याउभ्याच पिशवीतून पुस्तक काढले. “हे आठवतं?”

सीताने हात पुसून ते घेतले. मुखपृष्ठ अर्धे फाटलेले होते, तरी ती लगेच म्हणाली, “शिलावती!”

“शेवट आठवतो?”

“परत जाते की ती. बहिणीला आणायला.”

“पुस्तकात नाहीये ते, सीते. मी दोनदा शोधलं.”

“नाहीच आहे.” सीताने पुस्तक बाजूला ठेवले आणि तार पुन्हा बोटांत धरली. “ते तू सांगितलंस. आपल्या मनचं.”

शकूने पिशवी खाली ठेवली.

“तुला कसं ठाऊक?”

“तुझे डोळे पुस्तकावर कुठे होते? भिंतीकडे बघून बोलत होतीस. मी रडत होते ना, त्या पोरीला बेटावर सोडली म्हणून. मला गप्प करायला केलंस, दुसरं काय.”

“तेव्हाच कळलं होतं तुला?”

“तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“छान सांगत होतीस ना.” सीता हसली. “कशाला मोडायचं?”

रीळ फिरत राहिले. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून दोघींची तोंडे पाळीपाळीने पाहत होती. शकूने विचारायचे ठरवले नव्हते, पण विचारले.

“मी धुळ्याला गेले तेव्हा, तुला वर्षभरात नेते म्हणाले होते.”

“हो.”

“किती दिवस वाट बघितलीस?”

सीताने तार थांबवली. आठवण्यासाठी नव्हे, टोक तुटले होते म्हणून. ते जोडून झाल्यावर ती म्हणाली, “नाही बघितली.”

“मुळीच नाही?”

“तेव्हाही तू भिंतीकडेच बघत होतीस, आक्का.” तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात आज काय मिळाले नाही हे सांगावे तसा आवाज होता. “तुझी गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या केशरबाईंबरोबर जरीच्या कामाला गेले. बसून काय करणार होते? आणि काम आवडलं मला. पहिल्याच महिन्यात हात बसला.”

शकूने मान हलवली. पायरीवरची मुलगी कधीच उठून गेली होती, सतरा वर्षांपूर्वी, आणि तिच्या जागी कुणीच बसलेले नव्हते.

“उभी काय राहिलीस?” सीता म्हणाली, आणि मुलीकडे वळली. “जा गं, मासीला खुर्ची आण.”

घरात एकच खुर्ची होती. मुलीने ती आतल्या खोलीतून ओढत आणली आणि फ्रॉकच्या टोकाने पुसली.

“मी खाली बसते ना,” शकू म्हणाली.

“नको, नको. साडी खराब होईल तुझी. सगळीकडे तारेचे तुकडे आहेत.” सीताने रीळ उचलले. “जेवून जाशील ना?”

“जाईन.”

शकू खुर्चीवर बसली. तिथून तिला खाली वाकलेल्या सीताचा फक्त भांग दिसत होता, आणि त्यात तीन-चार पांढरे केस.