गवत कापणाऱ्या गाडीचा पोळा

धरणाचे दरवाजे कसे असावेत हे मी सरकारला कागदावर काढून देत असे, आणि घरातला स्टोव्ह पेटेनासा झाला की मला बायकोच्या भावाला बोलवावं लागे. यावरून माझ्या अभियंतेपणाची कल्पना यावी. असा माणूस लिलावात उभा राहिला की त्याच्या अंगात येतं. कुठल्याशा खाण कंपनीचं अतिथीगृह बंद होत होतं आणि तिथलं सामान निघालं होतं. मी प्रेमिलासाठी कपाट आणायला गेलो आणि गवत कापायची गाडी घेऊन आलो.

गाडी म्हणजे खरोखरच गाडी. चार चाकं, बसायला आसन, धरायला स्टिअरिंग, आणि पोटाखाली पाती. बसून चालवायची आणि मागे गवत कापलेलं पाहायचं. हातगाडीवरून ती उतरवली तेव्हा प्रेमिला कपाटासाठी हातगाडीच्या मागे जाऊन पाहून आली. मग आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

माझ्या बाजूने एकच सांगण्यासारखं होतं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला आमचा सरकारी बंगला लहान होता, पण त्याचं आवार एखाद्या शेताएवढं होतं. श्रावणात तिथे गुडघाभर गवत माजायचं आणि सापांची ये-जा सुरू व्हायची. तेव्हा गाडी उपयोगाची होती. फक्त ती चालू होत नव्हती.

मी ती रविवारी उघडू लागलो. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचा, म्हणजे परत बसवताना चूक होत नाही, असं मी प्रेमिलाला समजावून सांगत होतो, तेवढ्यात वाऱ्याने वर्तमानपत्र उलटलं. तरी हिंमत सोडली नाही. कार्ब्युरेटर धुतला, प्लग घासला, पेट्रोलची नळी बदलली. सगळं जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. ते कंपनीने जास्तीचे लावले असावेत असं मी ठरवलं. शेवटी एका रविवारी दोरी ओढली आणि इंजिन धडधडू लागलं. सगळ्यात जास्त मीच दचकलो.

व्हरांड्यात खुर्चीवर बाबा बसले होते. माझे वडील, धोंडबा. रामटेकच्या पलीकडे आमची धानाची शेती. तिथल्या बांधावर पाय घसरून बाबांचा उजवा खुबा मोडला, धंतोलीत ऑपरेशन झालं आणि मी त्यांना घरी घेऊन आलो. आई केव्हाच गेली होती. बैलांकडे बघणारं कोणी उरलं नाही, म्हणून जोडी विकावी लागली. तेव्हापासून बाबा त्या खुर्चीत बसून आवारातल्या गवताकडे पाहत राहायचे. अर्धी भाकरी खायचे आणि दिवसातून एकदा म्हणायचे, मले गावाले नेऊन घाल. गावी त्यांना पाणी द्यायलाही माणूस नव्हतं. मी चिडून ते सांगायचो. खरं तर मला राग येत नव्हता, भीती वाटत होती. बाबा माझ्या डोळ्यांसमोर दिवसेंदिवस कमी होत चालले होते आणि मला काही सुचत नव्हतं.

इंजिन सुरू झालं आणि बाबा खुर्चीत सरळ बसले.

"हे बसून चालवाचं आहे का गा?"

हो म्हटलं. त्यांनी गाडीकडे नीट पाहिलं आणि क्लच कोणत्या पायाचा ते विचारलं. डाव्या. त्यांचा मोडलेला पाय उजवा.

"मंग मलेही जमन," ते म्हणाले.

मी लगेच छाती फुगवून उद्याच चालवा म्हणालो. त्यांनी मान हलवली. उद्या खांदशेकणी, परवा पोळा. त्या दिवशी कोणी जुपतं काय? त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहू. आमच्या घरात इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच पुढच्या दिवसांचं बोलणं काढलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळून शेकायचे, ही आमच्याकडची रीत. जन्मात पहिल्यांदा बाबांच्या दारात बैल नव्हते. त्यांनी सुनेकडे तूप आणि हळद मागितली, बंगल्यामागच्या पळसाचं पान मागितलं, आणि काठी टेकत एकटेच पायऱ्या उतरले. प्रेमिलाने माझा हात धरला. ऑपरेशननंतर ते आधाराशिवाय एकही पायरी उतरले नव्हते. गाडीच्या नाकाडावर, जिथे पेट्रोलच्या टाकीचं झाकण उंच वर आलेलं होतं, तिथेच जू टेकतं असं त्यांनी ठरवलं असावं. त्या झाकणाला त्यांनी तूप-हळद भरपूर चोळली, कोमट पानाने शेकलं आणि वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

कुंपणाच्या भिंतीवरून हिशेब खात्यातले शेजारी गिरिधर सगळं पाहत होते. मला घरात पळून जावंसं वाटलं. पण बाबांचा चेहरा पाहिला आणि उभा राहिलो.

पोळ्याला गाडीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, प्रेमिलाने तिला ओवाळलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. कपाट विसरून ओवाळत होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी सगळं नागपूर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला इतवारीकडे लोटलं होतं. आमच्या आवारात बाबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गाडीवर बसले. मी दोरी ओढली. त्यांनी डावा पाय उचलला आणि गाडी निघाली. मागे कापलेल्या गवताचा पट्टा पडू लागला. नांगराचा पहिला तास धरावा तशी त्यांची नजर समोर लागली होती. आणि कडुनिंबापाशी गाडी खोकली, गचके देऊन थांबली.

मी धावलो. टाकी उघडून पाहिली, पेट्रोल होतं. प्लग पुसला, दोरी ओढली, सुरू. मी गिरिधरांकडे पाहून हात हलवला. थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. पुन्हा टाकी उघडली, या वेळी कार्ब्युरेटरही खोलला, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दर वेळी दोष सापडला असं मी मोठ्याने जाहीर करायचो, आणि दर वेळी तो वेगळा असायचा. दुपार टळली. इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीसोबत हिलेही पाठवून द्या, असं प्रेमिलाने आतूनच सुचवलं.

बाबा मात्र एकेक गचक्यासरशी खाली खाली बसत गेले. शेवटी काठी मागून उतरले.

"माह्यानंच झालं," ते म्हणाले. "बैलाचं यंत्राले करत नसतात. चांगलं चालू होतं, मी हात लावला. उद्या मले रामटेकच्या मोटारीत बसवून दे, गोपाळ."

ते व्हरांड्यात जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि हात काळे असल्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते. आता पेट्रोल काढून ही गाडी भंगारात द्यायची, या विचाराने मी टाकीचं झाकण फिरवलं. ते सुस्स करून बोललं, सोड्याची बाटली उघडावी तसं. सकाळपासून दर वेळी ते बोललंच असणार. पण दर वेळी मीही बोलत होतो.

झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. त्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं, आणि ते हळद-तुपाने गच्च बुजलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडत नाही, दुसरं पाडावं लागतं, हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. वरून हवा आत गेली नाही तर खालून पेट्रोल कसं उतरणार? झाकण उघडलं की हवा आत जायची, लावलं की अडायची. धरणाच्या दरवाजामागे हवेची नळी ठेवावी लागते. अशा नळ्यांचे नकाशे काढण्याचा पगार मी घेत होतो.

ओरडून सांगणार होतो, पण तोंड मिटलं. सांगणार काय? बाबा, तुमच्या हातानेच झालं, हेच ना? गाडीच्या आडोशाला वाकून मी शर्टाला तुटक्या बटणाच्या जागी लावलेली सेफ्टी पिन काढली, भोक मोकळं केलं आणि उठलो.

"बाबा, सापडलं. पेट्रोलची नळी मीच उलटी बसवली होती."

बाबांनी खुर्चीतूनच माझ्याकडे पाहिलं.

"एवढे धरणं बांधले," ते म्हणाले, "अन् नळी उलटी बसवते?"

मग ते हसले. अंधार पडेपर्यंत त्यांनी अर्धं आवार कापलं, आणि मी पायी मागे मागे चालत राहिलो. रात्री त्यांनी पोटभर जेवण केलं. मोटारीची गोष्ट निघाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आवाराचं काम बाबांकडे गेलं ते गेलंच. मला त्यांनी गाडीला हात लावू दिला नाही, उलट्या नळीमुळे.

पुढच्या वर्षी खांदशेकणीला बाबांनी पुन्हा तूप-हळद मागितली. मी खिशात पिन घेऊन तयार होतो. पूजा आटोपून ते व्हरांड्यात गेल्यावर मी हळूच गाडीपाशी गेलो. झाकण तुपाने चकाकत होतं, हळद चांगली जाड बसली होती. आणि मधल्या भोकात खराट्याची एक बारीक काडी उभी खोचलेली होती, लेप आत जाऊ नये म्हणून.

मी वर पाहिलं. व्हरांड्यातल्या खुर्चीतून ते झाकण अगदी सरळ दिसतं, हे माझ्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं.

"परवा जुपाच्या आधी काडी काढून घेजो गा," बाबा म्हणाले. "अन् नळी पाहून घे. तुह्यानं उलटी लागते."

मी खाली वाकून नळी पाहिली. ती सरळ होती, पण उठायला मी थोडा वेळ घेतला.