रोहित आले की येतो

विमलाबाईंना पक्ष्यांची आवड कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरी त्या थंडीत त्या रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आणि खानगाव थडीच्या वाळू नावाच्या पोराला फोन लावून एकच प्रश्न विचारायच्या, "आले का रे रोहित?"

"नाय मावशी. पानी लय हाय अजून."

शेजारच्या स्नेहलने हे स्पीकरवरचं बोलणं गॅलरीतून दोन-तीनदा ऐकलं आणि ती बुचकळ्यातच पडली. काकूंचा रोहित सिंगापूरला असतो, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. तो खानगाव थडीला कशाला उतरेल? आणि तेही पाणी कमी झाल्यावर? काका गेल्यापासून बाई एकट्या असतात, डोक्यावर परिणाम झाला की काय! शेवटी ती वाटीभर शिरा घेऊन आली आणि आडून आडून विचारू लागली. विमलाबाई कितीतरी दिवसांनी पोट धरधरून हसल्या.

"अगं, रोहित म्हणजे पक्षी. तुमचा तो फ्लेमिंगो. नांदूरमधमेश्वरला धरणाच्या पाण्यावर उतरतो थंडीत. ह्यांनी त्याच्यावरनंच पोराचं नाव ठेवलं."

हे म्हणजे जयरामराव. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी. रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी पांघरूण ओढून झोपतो, पण हा गृहस्थ उजाडायच्या आत स्कूटर पुसायला लागायचा. पुढे उभा असलेला कानटोपीतला रोहित, मागे मांडीवर भाकरीचा डबा घेतलेल्या विमलाबाई, अशी वरात निफाडच्या रस्त्याला लागायची. निफाडची थंडी म्हणजे काय ते तिथे जाऊनच कळतं. नाक जागेवर आहे की नाही ते हात लावून बघावं लागायचं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर, आणि जयरामरावांचं सारखं चाललेलं, "तारेवर बघ रे, तारेवर!"

धरणावर त्यांचे कायदे फार कडक. मोठ्याने बोलायचं नाही, डबा वाजवायचा नाही, भडक कपडे तर नाहीच नाही. एकदा विमलाबाई हौसेने नवा लाल स्वेटर घालून आल्या, तर तो त्यांना उलटा करून घालायला लावला. बायको काकडली तरी चालेल, पण बगळा उडता कामा नये! मग बापलेक बांधावर पालथे पडून दुर्बिणीची ओढाओढ करायचे आणि विमलाबाई बाभळीखाली बसून मटार सोलायच्या. इतकी वर्षं पक्षी बघायला जाऊन त्यांनी बघितल्या त्या दोन पाठी, एक मोठी आणि एक छोटी. छोटी वाढत वाढत मोठीपेक्षा मोठी झाली. तेव्हा कंटाळा यायचा, आज त्या पाठींसाठी जीव तुटत होता.

रोहित परदेशी गेला तरी रीत मोडली नव्हती. धरणावर पहिला थवा उतरला की जयरामराव सिंगापूरला फोन लावायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसतं "रोहित आले!" एवढं म्हणून फोन ठेवून द्यायचे. की इकडे हा रजा टाकून हजर. मुलाला आग्रह करायची त्यांची तीच एक तऱ्हा होती. "ये ना रे, आठवण येते" असं म्हणायला बहुधा त्यांची जीभ वळत नसावी.

जयरामराव गेले त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. रोहित दिवसकार्य आटपून परतला तो परतलाच. कधीही विचारा, "आई, रोहित आले की येतो." आणि नेमके त्या दोन थंड्यांत रोहित आले नव्हते. पाऊस लांबलेला, धरण तुडुंब. त्या पक्ष्याला लागतो उथळ चिखल, तो कुठून मिळणार? तिकडे मात्र मुलाच्या पायाला भिंगरी. आज मलेशियाच्या कुठल्या बेटावर कासवं, उद्या थायलंडच्या किनाऱ्यावर धनेश, परवा श्रीलंकेत बिबट्या. सगळ्यांचे फोटो आईच्या मोबाइलवर. "आशिया खंडातली सगळी जनावरं बघून झाली याची," विमलाबाई स्नेहलला म्हणायच्या, "आई तेवढी राहिली."

रागाने म्हणायच्या, पण त्यांना कळत होतं. मुलगा पक्ष्यांसाठी अडला नव्हता. रिकाम्या खुर्चीला भ्याला होता. दार उघडल्यावर "आला का?" असं विचारणारा आवाज येणार नाही, याची त्याला भीती वाटत होती. ती भीती त्यांनाही वाटायची, पण त्यांना त्याच घरात राहायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा मुलगा आणि ते भांडं दिसत असून न बोलणारी आई! या थंडीतही तो आला नाही, तर मग न येण्याचीच सवय होऊन जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आणि एका सकाळी वाळूचाच फोन आला.

"मावशी, पल्याडच्या काठाला कायतरी गुलाबी उतरलंय! धुकं लय हाय, नीट दिसंना. पन रोहितच असतीन."

विमलाबाईंनी गॅस बंद केला, शाल घेतली आणि नाशिक रोडला जाऊन निफाडची बस धरली. वाळू मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभाच होता. तो लहान असताना जयरामरावांनीच त्याला दुर्बीण धरायला शिकवलं होतं. आता तो अभयारण्यात गाइड होता आणि त्याच्याकडे तीन पायांवर उभी राहणारी मोठी दुर्बीण होती. गुडघे दुखत असून विमलाबाई त्याच्यामागे बसल्या. वाटेत त्यांनी मनातल्या मनात रोहितच्या खोलीतली गादीसुद्धा उन्हात टाकली.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढल्या तेव्हा धुकं उठायला लागलं होतं. पलीकडचा काठ हळूहळू उघडा पडला. वाळूने दुर्बिणीला डोळा लावला. मग कान खाजवत म्हणाला, "मावशी, चुकलो ओ. चित्रबलाक हायेत. शेपटाकडं तेवढं गुलाबी हाय. रोहितची चोच अशी पिवळी नसती."

विमलाबाईंनी त्याला बाजूला सारून स्वतः दुर्बिणीतून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच. चांगले मोठे करकोचे होते, पांढरेस्वच्छ, पिवळ्या लांब चोचींचे, अंगावर काळी नक्षी, शेपटीशी गुलाबी पिसं. देखणेच होते बिचारे. त्यांचा काय दोष? पण विमलाबाईंना त्यांचा असा राग आला, असा राग आला, की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

"येतीन मावशी, पानी उतरू द्या," वाळू समजूत घालायला लागला.

"फोटो काढ," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"त्यांचाच. या दुर्बिणीतून येतो ना तुझ्या फोनवर? काढ आणि मला पाठव."

"पन हे रोहित नायत मावशी, खरं सांगतो."

"तू काढ रे बाबा."

त्याने काढला. विमलाबाईंनी तो सिंगापूरला पाठवला आणि खाली लिहिलं, "रोहित आले."

पाठवलं आणि मग त्यांची त्यांनाच शरम वाटली. अगं बाई, कुणाला फसवायला निघालीस? स्कूटरवर उभ्या उभ्या "बाबा, चित्रबलाक!" म्हणून ओरडणारं पोर ते, दुधाचे दात पडायचे होते तेव्हाची गोष्ट. आता तर नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखतो. तो हसेल. किंवा म्हणेल, आई, नीट बघत जा. आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत विषयच मिटला. जयरामरावांचा निरोप खोटेपणाने वापरला, हे तर त्याहून वाईट. त्यांना वाटलं, फोटो परत ओढून घेता आला तर बरं. पण तेवढ्यात फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. त्याने बघितला होता.

बराच वेळ काहीच आलं नाही. विमलाबाई मनोऱ्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पलीकडे पक्षी काठच्या पाण्यात चोची घालत होते. मग हातातला फोन थरथरला.

"हो आई. रोहितच आहेत," त्याने लिहिलं होतं. "शनिवारी सकाळी घरी पोचतो."

त्यांनी ते परत वाचलं. फोटो उघडून बघितला. पिवळ्याधमक चोची आंधळ्यालाही दिसल्या असत्या. मग मात्र त्यांना आवरेना. पदर तोंडाला लावून त्या तिथेच फळीवर बसल्या आणि रडल्या. दोन वर्षांचं सगळं रडून घेतलं. वाळू घाबरून पाण्याची बाटली पुढे करत होता.

"काय म्हनला वो रोहितदादा?"

"रोहितच आहेत म्हणतो."

वाळूने घाईघाईने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. खूप वेळ बघितलं, काच शर्टाने पुसली, परत बघितलं.

"पन मावशी, चोच पिवळी हाय ना!"

"असू दे रे पिवळी," विमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "येतोय तो."